नेट नेमके कुठे तुटते?

टेलिफोनच्या दोन तांब्याच्या तारांवरून बोलणे चालू असतानाच इंटरनेटही आणणारे तंत्र म्हणजे डीएसएल. मुंबईत ते सामान्य घरांत शिरले २००५ च्या सुरुवातीला, महानगर टेलिफोन निगमच्या (एमटीएनएल) ‘ट्रायबँड’ या नावाने. त्याआधीची दहा वर्षे डायल-अपची होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तेव्हापासून नेट लावायचे म्हणजे मोडेमला नंबर फिरवू द्यायचा, त्याची किरकिर ऐकायची आणि काम संपेपर्यंत घरचा फोन एंगेज ठेवायचा. ट्रायबँडने ही अडचण संपवली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस वेगालाही ब्रॉडबँड म्हटले होते. आज मोबाइलवर तेवढाच वेग मिळाला तर माणूस फोन आपटेल, पण तेव्हा ती चैन होती.

मुंबईच्या दहिसर उपनगरात आता फायबर पोचले आहे. तरीही रावळपाडा, आनंद नगर, कांदरपाडा, अशोकवन या भागांतल्या जुन्या सोसायट्यांमध्ये टेलिफोनची तार जपून ठेवणारी घरे सापडतात. नंबर बँकेत दिलेला असतो, गॅसच्या पुस्तकावर असतो, गावाकडच्या नातेवाइकांच्या डायरीत असतो. त्याच तारेवर नेटही असते, आणि त्याबद्दलची तक्रार बहुधा दोनच शब्दांत येते: ‘नेट जातं-येतं.’

पूर्ण मेलेली लाइन दुरुस्त करणे सोपे, कारण तार कुठेतरी तुटलेली असते आणि ती जागा यंत्राने मोजून काढता येते. जाणारी-येणारी लाइन त्रासदायक, कारण माणूस तपासायला येतो तेव्हा ती नेमकी चालू असते. अशा दोषाचा माग काढायचा तर एक्स्चेंजपासून लॅपटॉपपर्यंतच्या रस्त्याचे तुकडे पाडावे लागतात आणि दोष कोणत्या तुकड्यात आहे एवढेच आधी ठरवावे लागते. मोडेम बदलणे, प्लॅन बदलणे, कंपनी बदलणे ही त्यानंतरची कामे. बहुतेक घरांत ती आधी होतात, आणि पैसे तिथेच वाया जातात.

हा रस्ता असा. एक्स्चेंजमध्ये डीएसलॅम नावाचे यंत्र असते. घरातल्या मोडेमचा जोडीदार तो. तिथून प्रत्येक ग्राहकाची तारांची जोडी, म्हणजे ‘पेअर’, मुख्य फ्रेमवर येते आणि जाड भूमिगत केबलमधून रस्त्याकडेच्या पिलरपर्यंत जाते. पिलर म्हणजे फुटपाथवरचा तो लोखंडी खोका, ज्यावर पोस्टर चिकटवलेले असतात आणि ज्याला टेकून कुणीतरी भाजीची टोपली ठेवलेली असते. पिलरमधून लहान केबल इमारतीच्या डीपी बॉक्समध्ये येते. जुन्या सोसायट्यांत हा बॉक्स जिन्याखाली, मीटरच्या खोलीत किंवा बाहेरच्या भिंतीवर पाण्याच्या पाइपाशेजारी असतो, आणि त्याचे झाकण जागेवर असेलच असे नाही. डीपीपासून घरापर्यंत ड्रॉप वायर, घरात रोझेट नावाची पांढरी डबी, मग स्प्लिटर आणि शेवटी मोडेम. तार साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची किंवा त्याहूनही बारीक असते. वाटेत डझनभर तरी जोड येतात, आणि दोष तारेत क्वचित असतो. तो जोडात असतो.

या तारेवर बोलणे आणि नेट एकमेकांना धक्का न लावता चालतात, कारण दोघांची कंपने वेगळी असतात. माणसाचा आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली वाहून नेला जातो. एडीएसएल या डीएसएलच्या प्रकारात घरातून बाहेर जाणारी माहिती साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झमध्ये आणि आत येणारी त्यापुढे ११०४ किलोहर्ट्झपर्यंत चालते. एडीएसएल२ प्लसमध्ये ही वरची हद्द २२०८ पर्यंत जाते. घरी येणारी माहिती जास्त आणि जाणारी कमी असते, म्हणून दोन्ही दिशांना सारखा वेग देण्याचा हट्ट सोडावा, ही कल्पना अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन संस्थेतले जोसेफ लेक्लायडर यांची. तिला व्यवहारात उतरवणाऱ्या तंत्रामागे स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन चॉफी यांचे मोठे काम आहे. त्या तंत्रात सगळा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या बारीक पट्ट्यांत कापला जातो. एडीएसएलमध्ये अशा २५६ पट्ट्या, एडीएसएल२ प्लसमध्ये ५१२. मोडेम चालू होताच तो आणि डीएसलॅम एकेक पट्टी तपासतात. स्वच्छ पट्टीवर जास्त माहिती लादतात, खरखर असलेल्या पट्टीवर कमी, आणि अगदीच वाईट पट्टी सोडून देतात. हा करार झाला की ‘सिंक’ झाले असे म्हणतात.

अस्थिर लाइनचे मूळ या करारात आहे. सिंक होताना लाइन जशी होती त्यावर वेग ठरतो. नंतर खरखर वाढली तर ती पचवायला थोडी जागा राखून ठेवलेली असते. तिला एसएनआर मार्जिन म्हणतात आणि ती साधारणपणे ६ डेसिबल धरतात. ही जागा संपली की करार मोडतो, दिवा लुकलुकायला लागतो आणि अर्ध्या-एक मिनिटात नवा करार होतो. मोडेम बंद करून चालू केला की नेट ‘सुधारते’ ते यामुळेच: नवी बोलणी त्या क्षणीच्या खरखरीला धरून होतात आणि कमी वेगावर लाइन टिकते. यातून घरचे लोक मोडेम खराब आहे असा निष्कर्ष काढतात. तो बरेचदा चुकीचा असतो.

तपासणी सुरू करायची ती मोडेमच्या दिव्यांपासून. डीएसएलचा दिवा लुकलुकत असेल किंवा विझला असेल तर दोष तारेच्या बाजूला: एक्स्चेंज, पिलर, डीपी किंवा घरातली वायरिंग. हा दिवा स्थिर पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला असेल तर तार ठीक आहे आणि खात्यात अडचण आहे. थकलेले बिल, बदललेला पासवर्ड किंवा रीसेट केल्यावर पुसली गेलेली सेटिंग ही नेहमीची कारणे. मुंबईत एमटीएनएलच्या जोडणीसाठी मोडेममध्ये व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३२ हे आकडे टाकतात, तर बीएसएनएलसाठी ० आणि ३५. दुसऱ्या शहरातून आणलेला मोडेम दहिसरमध्ये चालत नाही तेव्हा अनेकदा हा एक आकडाच आडवा आलेला असतो. दोन्ही दिवे स्थिर आणि तरीही नेट रखडत असेल, तर तारेला दोष देण्याआधी वायफाय पाहावे लागते.

वायफायची शहानिशा पाच मिनिटांची आहे. लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला जोडायचा. त्यावरून १९२.१६८.१.१ या मोडेमच्या पत्त्याला पिंग करायचे आणि दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्याला. पहिल्याचे उत्तर प्रत्येक वेळी येते आणि दुसऱ्याचे मध्येच थांबते, तर दोष मोडेमच्या पलीकडे. केबलवर दोन्ही उत्तरे नीट येतात आणि वायफायवर मात्र पहिल्याचेच गळते, तर दोष घरातल्या हवेत. ८.८.८.८ उत्तर देते पण संकेतस्थळे उघडत नाहीत, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. मोडेममध्ये दुसरा डीएनएस टाकला की काम होते. दहिसरसारख्या दाट वस्तीत एका खोलीत शेजाऱ्यांची पंधरा-वीस वायफाय नावे दिसतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न छेदणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सगळ्या इमारतीने तीच वाटून घ्यायची. मोडेम टीव्हीच्या कपाटात, आरशाच्या मागे किंवा फ्रिजवर ठेवला असेल तर तो बाहेर काढणे हा बिनपैशाचा उपाय.

आता तार. रिसीव्हर उचलायचा, डायल टोन आला की कोणताही एक आकडा दाबायचा. टोन थांबतो आणि काही सेकंद लाइन शांत होते. या शांततेत कान देऊन ऐकायचे. खरखर, कडकड, घुमल्यासारखा आवाज किंवा दुसऱ्याचे बोलणे ऐकू आले तर तारेत ओल, सैल जोड किंवा शेजारच्या पेअरशी गुंता आहे. उपकरण नको, पैसे नकोत, आणि तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ याऐवजी ‘फोनवरही खरखर आहे’ असे सांगता येते. दुसऱ्या वाक्याचे वजन जास्त असते, कारण त्यामुळे प्रकरण कॉल सेंटरच्या ‘मोडेम रीस्टार्ट करा’कडून लाइनमनकडे जाते.

याच्या उलटही घडते आणि ते पाहून लोक चक्रावतात: फोन पूर्ण बंद, पण नेट कसेबसे चालू. पेअरच्या दोन तारांपैकी एक तुटली किंवा तिचा जोड गंजून सुटला तर बोलण्याचा प्रवाह थांबतो. डीएसएलची उच्च कंपने मात्र तेवढी बारीक फट ओलांडून जाऊ शकतात. वेग घसरतो, लाइन वारंवार पडते, पण दिवा लागतो. ‘नेट चालू आहे म्हणजे तार ठीक आहे’ हा युक्तिवाद अशा वेळी खोटा ठरतो.

घरातली वायरिंग वगळण्यासाठी सगळे फोन, एक्स्टेन्शन, फॅक्स, अलार्म, असेल ते काढून टाकायचे आणि मोडेम एका आखूड, नव्या वायरने थेट रोझेटला लावायचा. एक दिवस असाच ठेवायचा. लाइन सुधारली तर दोष घरात सापडला. मग एकेक वस्तू परत लावत गेले की गुन्हेगार हाती लागतो. जुन्या वन-बीएचकेमध्ये हॉलमधून बेडरूममध्ये आणि तिथून माळ्यावरच्या एखाद्या विसरलेल्या डबीपर्यंत वायर ओढलेली असते. ती कुठेच जोडलेली नसली तरी त्रास देते: सिग्नल तिच्या मोकळ्या टोकापर्यंत जाऊन परततो आणि मूळ सिग्नलला खाली ओढतो. अशी फांदी रोझेटमध्येच सोडवून टाकावी.

स्प्लिटरचे, म्हणजे फिल्टरचे, काम आवाज आणि नेट वेगळे करण्याचे. नियम साधा आहे: मोडेमकडे जाणारी वाट सोडून प्रत्येक फोन फिल्टरच्या पलीकडे असला पाहिजे. एक जरी फोन थेट तारेवर राहिला तर तो नेटची कंपने गिळतो. याची खूण ओळखता येते. फोन वाजला की किंवा रिसीव्हर उचलला की नेट पडते. घंटीसाठी तारेवर मोठा विद्युतदाब येतो आणि फिल्टर नसेल किंवा निकामी झाला असेल तर तो धक्का मोडेमपर्यंत पोचतो. स्प्लिटर ही किरकोळ किमतीची वस्तू आहे. संशय आला तर दुरुस्तीच्या नादी न लागता बदलावा.

मल्टिमीटर असलेल्या घरात आणखी एक मोजणी होते. सगळी उपकरणे काढून, रिसीव्हर न उचलता, रोझेटच्या दोन स्क्रूंवर डीसी व्होल्टेज पाहिले तर ते ४८ च्या आसपास हवे. हा दाब एक्स्चेंजच्या बॅटरीतून येतो. तो ठळकपणे कमी दिसला आणि पाऊस थांबून ऊन पडल्यावर पुन्हा चढला, तर दोन तारांमध्ये किंवा तार आणि जमीन यांमध्ये ओलीतून गळती आहे. मोजताना मध्येच घंटी वाजली तर झटका बसतो, आणि विजा चमकत असताना तर रोझेटला हात लावायचाच नाही.

मोडेमच्या आत आणखी माहिती असते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडले की स्टेटस किंवा डीएसएल या पानावर काही आकडे दिसतात. अटेन्युएशन म्हणजे एक्स्चेंजपासून इथपर्यंत येताना सिग्नल किती क्षीण झाला. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेवर दर किलोमीटरला साधारण १३ ते १४ डेसिबल, असा ठोकताळा वापरतात. त्यामुळे २८ डेसिबल म्हणजे तारेचा रस्ता सुमारे दोन किलोमीटरचा. हा आकडा अंतराचा आहे आणि रोज सारखाच राहायला हवा. काल २८ आणि आज ४० दिसला तर एक्स्चेंज काही लांब गेलेले नसते. जोड सुटत चाललेला असतो. एसएनआर मार्जिन मात्र दिवसभरात थोडा हलतोच. १० च्या वर असेल तर लाइन निर्धास्त, ६ च्या खाली घसरला तर काठावर. तिसरा आकडा सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या माहितीचा. त्याची एकूण बेरीज पाहून काही कळत नाही. दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा पाहून तो किती वाढला ते बघायचे. अपटाइम सांगतो की लाइन शेवटची कधी पडली.

हे आकडे एका कागदावर वेळ आणि हवामानासह टिपून ठेवले की दोषाला वेळापत्रक मिळते, आणि वेळापत्रक मिळाले की जागा मिळते. रोज संध्याकाळी सातला लाइन घसरते? तेव्हा घरात किंवा शेजारी काय चालू होते ते पाहावे. स्वस्त एलईडी बल्बचे ड्रायव्हर, जुने चोक, पंख्याचे डिमर, इन्व्हर्टर, मोबाइलचे नकली चार्जर हे सगळे नेमक्या याच कंपनांत गोंगाट करतात. त्यांना पकडायला जुना मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टर पुरतो. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवून तो घरभर फिरवायचा. डायनिंग टेबलावरच्या दिव्याखाली तो अचानक घूंऽऽ करू लागला तर दिवा विझवून पाहायचा. आवाज थांबला आणि मोडेमचा मार्जिन दोन-तीन डेसिबलने वर आला, की शोध संपला. मोडेमचा स्वतःचा अॅडॉप्टरही या यादीत असतो. वर्षानुवर्षे तापून त्यातले कपॅसिटर फुगतात, व्होल्टेज डगमगते आणि मोडेम न सांगता रीस्टार्ट होतो. एप्रिल-मेच्या दुपारी नेट पडत असेल तर अॅडॉप्टर आणि मोडेमला हवा मिळते का, हे आधी पाहावे.

मीडियम वेव्हचा संबंध इथे योगायोगाचा नाही. रेडिओचा हा पट्टा आणि डीएसएलची येणारी वाट एकमेकांवर चढलेल्या आहेत. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर आहे आणि आकाशवाणीची मीडियम वेव्हची प्रक्षेपण यंत्रणा मालाडला, मालवणीच्या बाजूला. दहिसरपासून फार लांब नाही. ५५८ ला ४.३१२५ ने भागले तर १२९ आणि १३० क्रमांकाच्या पट्ट्यांमधली जागा येते. ज्या मोडेमच्या पानावर पट्टीवार आलेख दिसतो तिथे एवढ्यात खड्डा दिसला तर त्यात नवल नाही. दोन पट्ट्या गेल्याने वेगात काही फरक पडत नाही. पण तारेची जोडी नीट पिळलेली नसेल किंवा घरात मीटरभर सपाट वायर लोंबत असेल तर ती अँटेनाचे काम करते आणि खड्डा रुंद होतो. आखूड, पिळदार वायर लावायला सांगतात त्याचे हेच कारण.

लाइन पाऊस पडला की घसरत असेल तर घरात फार शोधण्यात अर्थ नसतो. दहिसरची भौगोलिक बाजू यात मोठी आहे. दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या तुळशी तलावाकडून निघते, श्रीकृष्ण नगर, दौलत नगर, कांदरपाडा असा वस्तीतून रस्ता काढत मनोरी खाडीला मिळते. पश्चिमेला खारफुटी आणि खाडी. म्हणजे एका बाजूने पुराचे पाणी, दुसऱ्या बाजूने खारी हवा, आणि या दोन्हींच्या मध्ये जमिनीखाली तांबे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा ही नदी पात्र सोडून वस्तीत आली होती. ट्रायबँडचा तो पहिलाच पावसाळा.

जेली भरलेल्या केबलमध्ये पाणी सहजासहजी पुढे सरकत नाही. जेली असते ती त्यासाठीच. पाणी शिरते ते जोडांत. रस्ता खोदताना केबल तुटते, घाईत जोडली जाते, जोडावरचे आवरण नीट बसत नाही आणि पुढच्या पावसात ओल आत जाते. तांब्यावर हिरवट थर चढतो. या थरातून प्रवाह जातो, पण सरळ जात नाही. तारेवर खरखर तयार होते. मातीतून पाणी झिरपायला आणि मग सुकायला वेळ लागतो, म्हणून पाऊस पडल्यावर एक-दोन दिवसांनी लाइन बिघडते आणि ऊन पडल्यावरही आठवडाभर तशीच राहते. याउलट सर येताच पाच मिनिटांत नेट गेले तर दोष उघड्यावर आहे: डीपीचे झाकण, भिंतीवरून उतरलेली ड्रॉप वायर, खिडकीच्या चौकटीत चिमटलेला तिचा वळसा. ड्रॉप वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिलेला असावा, म्हणजे पाणी त्या झोळावरून गळून पडते. तो नसेल तर पाणी तारेच्या कडेने थेट रोझेटमध्ये उतरते.

खोदकामाची दहिसरला कमतरता नाही. २०१६ च्या सुमारास लिंक रोडवर मेट्रो २अ आणि पश्चिम द्रुतगती मार्गावर मेट्रो ७ ची कामे सुरू झाली; दोन्ही मार्ग दहिसर पूर्वेला एकत्र येतात आणि त्यांचा पहिला टप्पा २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झाला. पुढे मीरा-भाईंदरकडे जाणाऱ्या मार्गाचे काम आले, आणि महापालिकेचे रस्ते काँक्रीटचे करण्याचे कामही. जुन्या तांब्याच्या केबलच्या जागा सांगणारा माणूस प्रत्येक खड्ड्यापाशी उभा नसतो. जिथे जेसीबी चालला तिथून पुढचे सगळे ग्राहक एकाच दिवशी बंद पडतात, म्हणून आपल्या घरी नेट गेले की मजल्यावरच्या आणखी कोणाचा लँडलाइन बंद आहे का, हे विचारून घ्यावे. एकट्याचाच असेल तर दोष डीपीपासून घरापर्यंत किंवा त्या एका पेअरमध्ये. सगळ्यांचा असेल तर केबल.

तक्रार १९८ वर नोंदवतात. डॉकेट नंबर लिहून घ्यायचा. काय सांगितले यावर काय होईल ते बरेचसे ठरते: फोनवर खरखर आहे का, डीएसएलचा दिवा जातो की इंटरनेटचा, रोझेटला थेट लावूनही तसेच होते का, अटेन्युएशन आणि मार्जिन किती. लाइनमन आला की तो डीपीत टेस्ट फोन लावून पाहतो. डीपीवर लाइन स्वच्छ आणि घरात खराब, तर ड्रॉप वायर बदलायची. डीपीवरच खराब, तर तो पिलरला जातो. खराब पेअर दुरुस्त करण्यापेक्षा केबलमधली दुसरी मोकळी पेअर देणे त्याला सोपे असते, आणि ग्राहकाने मागावी ती हीच गोष्ट: ‘पेअर बदलून द्या.’ दुसरी मागणी एक्स्चेंजच्या पातळीवरची. लाइन लांब किंवा जुनी असेल तर डीएसलॅमवर वेगाची मर्यादा खाली आणून मार्जिन वाढवता येतो. ८ एमबीपीएसवर दिवसातून वीसदा पडणारी लाइन ४ वर महिनाभर टिकू शकते. वेग कमी मागणे कुणाच्या मनाला पटत नाही, पण व्हिडिओ कॉलसाठी टिकणारी ४ ची लाइन पडणाऱ्या ८ च्या लाइनपेक्षा केव्हाही बरी.

अलीकडे या साखळीतला माणूसच कमी झाला आहे. जानेवारी २०२० च्या अखेरीस एमटीएनएलच्या चौदा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कोणत्या पिलरमध्ये कोणती पेअर कोरडी आहे ही माहिती कागदावर कमी आणि लाइनमनच्या डोक्यात जास्त असायची. ती त्यांच्याबरोबर गेली. २०२५ च्या सुरुवातीपासून एमटीएनएलचे कामकाज बीएसएनएल पाहते. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २००६ च्या नियमांत ब्रॉडबँडचा दोष तीन कामाच्या दिवसांपेक्षा जास्त रखडला तर भाड्यात सूट देण्याची तरतूद होती: सात दिवसांपर्यंत सात दिवसांची, पंधरापर्यंत पंधरा दिवसांची, त्यापुढे महिन्याची. २०२४ मध्ये ट्रायने सेवेच्या दर्जाचे नवे एकत्रित नियम आणले. कंपनीच्या तक्रार केंद्रातून दाद मिळाली नाही तर तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि तिथेही डॉकेट नंबरच विचारतात. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे; दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालतात की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहकाच्या बाजूने मिटवला.

पेअर बदलली, ड्रॉप वायर नवी टाकली, वेग खाली आणला आणि तरीही दर पावसाळ्यात तेच होत असेल, तर मूळ केबलच थकलेली असते. ती नव्याने टाकण्यावर आता कुणी खर्च करत नाही. तिच्या जागी काचेच्या धाग्याचे फायबर येते. काच गंजत नाही, तिला रेडिओची आणि चोकची बाधा होत नाही. बदल करताना दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. जुना नंबर फायबरवर कायम राहतो का, हे अर्ज करण्याआधी विचारावे. आणि तांब्यावरचा साधा फोन वीज गेली तरी वाजायचा, कारण त्याला लागणारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधून यायचे. फायबरच्या खोक्याला घरचीच वीज लागते. त्याला छोटा यूपीएस नसेल तर वीज जाताच नेटबरोबर लँडलाइनही बंद पडतो. या खोक्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला की बाहेरून प्रकाश पोचत नाही, आणि वायर कुठे मुडपली तर नाही एवढे पाहून तक्रार नोंदवणे इतकेच घरातून करण्यासारखे उरते. काचेचा धागा जोडायला स्प्लायसिंग मशीन लागते.